दप्तरी दाखल

एखादा कायदा संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत करावा, राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी करावी, राजपत्रात तो यथासांग छापला जावा, आणि तरीही तो अंमलात येण्याची तारीख तेवढी कोणी जाहीर करू नये, असा प्रकार आपल्याकडे अगदीच दुर्मिळ नसला, तरी मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण अधिनियमाइतके त्याचे ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. बिहारमधील महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधानांच्या कचेरीला कळविणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत हत्या झाली, आणि साडेदहा वर्षांनी हा कायदा कागदावर उतरला. पुढे तो अधिक आवळून घेणारे एक दुरुस्ती विधेयक 2015 मध्ये लोकसभेने मंजूर केले, ते राज्यसभेत पडून राहिले, 2019 साली लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले, आणि मूळ कायदा मात्र आजतागायत अंमलाची वाट पाहत आहे. या कायद्याची उणीव सर्वांत अधिक कोणाला भासत असेल, तर ती जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला, असे एका पक्षाचे म्हणणे. आणि ती भासत नाही, भासूही नये, असे दुसऱ्याचे.

हे दोन्ही पक्ष एकाच घरातले आहेत. माझे एक स्नेही शिक्षक म्हणून जिल्हा परिषदेत लागले आणि विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढून निवृत्त झाले. त्यांची सख्खी भाची उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर सेवाविषयक प्रकरणे चालविते. मामा दप्तराच्या या बाजूला बसून आयुष्य घालविलेले, आणि भाचीचे अशील बहुधा त्याच दप्तराने गांजलेले. त्यामुळे दोघांची गाठ पडली की विषय काढावा लागत नाही. मी ऐकलेला वाद पुढे दिला आहे. लिहिताना वाक्ये थोडी सावरली आहेत, मते सावरलेली नाहीत.

मामा : तू ज्या संरक्षणाची मागणी करतेस त्याची मुळात गरजच नाही, हे माझे मत आधीच सांगून टाकतो. शिक्षकाला तक्रार करायची असेल तर मार्ग आखून दिलेला आहे. मुख्याध्यापक ऐकत नसेल तर केंद्रप्रमुख आहे, त्याच्यावर विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, आणि सर्वांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. एकाकडे दाद लागली नाही तर दुसऱ्याकडे जावे. पण आमच्या टेबलावर यायचे ते काय? निनावी अर्ज! ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की पुढच्या पंधरवड्यात अर्ज येणार, हे आवकजावक सांभाळणारा लिपिकसुद्धा जाणून असे. एका अर्जाखाली ‘एक जागरूक पालक’ अशी सही होती, आणि मजकुरात मुख्याध्यापकाच्या वैद्यकीय रजेच्या मंजुरीचा जावक क्रमांक तारखेसह दिलेला होता. आता पालकाला जावक क्रमांक कुठून ठाऊक असणार? लिहिणारा त्याच शाळेतला, पदोन्नती हुकलेला, हे शेंबड्या पोरालाही कळावे.

भाची : त्या अर्जाचे पुढे काय झाले, मामा?

मामा : व्हायचे काय? निनावी अर्ज दप्तरी दाखल करावा असा शिरस्ता आहे. केला.

भाची : आणि अर्जात तक्रार काय होती?

मामा : हीच, की ज्या तारखांना वैद्यकीय रजा मंजूर आहे त्याच तारखांना हजेरीपटावर मुख्याध्यापकाच्या स्वाक्षऱ्या आहेत.

भाची : मग, होत्या?

मामा : ते पाहण्याचे मला कारण पडले नाही. नाव नसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून मी हजेरीपट मागवू लागलो असतो तर तालुक्यातल्या तीनशे शाळांचे हजेरीपट माझ्या खोलीत आले असते.

भाची : म्हणजे अर्ज कोणी लिहिला याचा शोध तुम्ही अर्ज वाचतावाचताच लावलात, आणि अर्जात लिहिलेले खरे की खोटे याचा शोध शेवटपर्यंत लावला नाहीत. मला तुमच्यावर ठपका ठेवायचा नाही, तुमच्या जागी बसणारा प्रत्येकजण हेच करतो. पण जावक क्रमांक ठाऊक असणारा माणूसच खरे सांगू शकतो ना? पालकाला तो कळणार नाही, हे तर तुम्हीच म्हणालात.

(मामांनी यावर पानाचा डबा ओढून घेतला. अडकित्ता हाती आला की ते उत्तर देत नाहीत असे नव्हे. उत्तर थोडे लांबते, एवढेच.)

मामा : बरे, नाव घालून तक्रार करायला कोणी अडविले आहे? मर्दासारखे सही करून द्यावे.

भाची : तुम्ही हिशेबात पक्के आहात, म्हणून हिशेबच मांडते. समजा एक दोन शिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी. पोषण आहारासाठी या वर्गांच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. समजा पंगतीला 41 मुले बसली आणि पोर्टलवर 60 भरली. रोजचे 19 वाढीव, म्हणजे एक किलो नऊशे ग्रॅम. शिक्षणहक्क कायद्याने या वर्गांना वर्षाचे किमान 200 दिवस ठरवून दिले आहेत. वर्षाला 380 किलो झाले, पन्नास किलोचे सुमारे साडेसात कट्टे. शिवाय धान्यादी माल, इंधन, भाजीपाला यांची रक्कम त्याच संख्येवर निघते ती वेगळीच. आता हे ठाऊक कोणाला? ज्याने भरले त्या मुख्याध्यापकाला, शिजविणाऱ्या बाईला, आणि दुसऱ्या शिक्षकाला. शिजविणारी बाई मुख्याध्यापकाच्या मर्जीवर. राहिला दुसरा शिक्षक. त्याने सही करून कळविले काय आणि निनावी कळविले काय, केंद्रप्रमुख मोटारसायकलवरून शाळेच्या फाटकात उतरला की मुख्याध्यापकाची नजर कोणाकडे वळणार?

मामा : त्या दुसऱ्या शिक्षकाचीही सही असते, हे विसरू नकोस. चव नोंदवहीत आज कोणी चव घेतली हे लिहावे लागते. वर्गाची हजेरी तोच घेतो. त्याच्या हजेरीपटावर 41 आणि पोर्टलवर 60 हे जर वर्षभर चालले, तर तो अडाणी नव्हे, भागीदार आहे.

भाची : अगदी बरोबर, आणि त्याचे तोंड बंद राहते ते यामुळेच. पहिल्या महिन्यात तो भिडेखातर गप्प राहिला; सहाव्या महिन्यात स्वतःच्या सहीला भिऊन गप्प राहिला. उशिरा का होईना, जो स्वतः होऊन सांगेल त्याला वेगळा न्याय लावण्याची काही तजवीज तुमच्या नियमांत आहे का? नाही. उलट जिल्हा सेवा वर्तणूक नियम आहेत 1967 चे; त्यांचा आधार घेऊन कट्ट्यांचे छायाचित्र बाहेर दिले म्हणून नोटीस निघेल. कट्टे कुठे गेले याची नोटीस निघेलच असे नाही.

मामांचा पुढचा मुद्दा मला त्या वादातला सर्वांत बळकट वाटला होता, आणि भाचीने त्याला दिलेले उत्तर ऐकेपर्यंत मी मनाने बराचसा त्यांच्या बाजूला झुकलो होतो. त्यांचे म्हणणे असे की, भ्रष्टाचार उघड करण्यासाठी खबऱ्यांची गरज लागते ती दुबळ्या प्रशासनाला. समर्थ प्रशासन स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

मामा : पटपडताळणी आठव. आधी नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना झाली, मग 2011 च्या ऑक्टोबरात 3 ते 5 तारखांना साऱ्या महाराष्ट्रात. एकाच वेळी सर्व शाळांत पथके गेली. एका शाळेतली मुले दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत नेऊन बसवू नयेत म्हणून बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. आणि पटावरची किती नावे हवेत विरली! लाखांनी मोजावी लागली. त्याला कोणता जागल्या लागला? कोणाचे नाव गुप्त ठेवावे लागले? तीन दिवसांची करडी मोजणी पुरली.

भाची : ती मोजणी झाली हे उत्तमच झाले. पण, मामा, त्या लाखो नावांपैकी प्रत्येक नाव कोणत्या ना कोणत्या हजेरीपटावर होते, आणि त्या हजेरीपटावर रोज सकाळी कोणी तरी शिक्षक ‘हजर’ची खूण करीत होता. म्हणजे शाई लावण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ही गोष्ट महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांना ठाऊक होती. ते सगळे चोर नव्हते. तुम्ही त्या वेळी नोकरीत होतात. सही करून ‘माझ्या वर्गात इतकी नावे खोटी आहेत’ असे लिहून देणारे किती शिक्षक तुमच्याकडे आले?

मामा : ... एकही नाही.

भाची : का आले नसतील?

मामा : पट कमी झाला की संचमान्यतेत पद कमी होते. पद कमी झाले की कोणी तरी अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त ठरणारा सेवेने कनिष्ठ असतो. सांगणारा बहुधा कनिष्ठच. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

हे उत्तर मामांनी दिले, भाचीने नव्हे, हे मुद्दाम नमूद करतो. प्रशासनातील अनुभवी माणसाचे थोरपण यातच असते की, वादाच्या भरात स्वतःच्या पक्षाला प्रतिकूल अशी हकीकतही तो दडवून ठेवीत नाही. पटपडताळणी हे समर्थ प्रशासनाचे उदाहरण खरेच. परंतु वर्षानुवर्षे दररोज सकाळी घडणारी गोष्ट कळण्यासाठी राज्याला तीन दिवस सारी यंत्रणा जुंपावी लागली, हे त्याच उदाहरणाचे दुसरे अंग आहे, आणि ते अधिक विचार करण्याजोगे आहे. त्यानंतरही शिक्षक पात्रता परीक्षेतील गुणांची फेरफार 2021 च्या अखेरीस पुण्याच्या पोलिसांनी उघड केली, आणि शालार्थ वेतनप्रणालीतील बनावट ओळखक्रमांकांवर पगार काढल्याचे नागपूर विभागातील प्रकरण 2025 मध्ये थेट शिक्षण उपसंचालकांच्या अटकेपर्यंत गेले. अशा प्रकरणांत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो तेव्हा तो पाहणारे डोळे पुष्कळ असतात.

मामा : तुझे म्हणणे मान्य केले तरी धोका उरतोच. संरक्षण मिळते म्हटल्यावर ते मागायला पहिला कोण येईल? कामचुकार. कारणे दाखवा नोटीस निघणार असा वास लागला की तो आदल्या दिवशी मुख्याध्यापकाविरुद्ध तक्रार टाकील, आणि मग ‘मी तक्रार केली म्हणून माझ्यावर कारवाई झाली’ असे म्हणत तुझ्याकडे येईल. हरियाणातले प्रकरण विसरलीस? तिथल्या प्राथमिक शिक्षण खात्याचा संचालक संजीव कुमार 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, 3,206 शिक्षकांच्या निवडयाद्या बदलल्या असे सांगत. चौकशी लागली केंद्रीय अन्वेषण विभागाची. जानेवारी 2013 मध्ये माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यांच्या शेजारी त्याच आरोपींच्या रांगेत हा जागल्याही दहा वर्षांसाठी उभा! ज्याच्या हातून याद्या गेल्या तोच ओरडला.

भाची : त्याला शिक्षा झाली ती न्यायालयाने पुरावा पाहून दिली, मला तिच्याविषयी काहीच म्हणायचे नाही. पण तो गेला नसता तर त्या याद्यांची चौकशी लागली असती का, याचे उत्तर द्या. तक्रारदार निर्मळ असावा अशी अट घातली तर शिक्षणखात्यात तक्रार करायला संतच आणावे लागतील, आणि संतांना याद्या पाहायला मिळत नाहीत. संरक्षण म्हणजे माफी नव्हे. त्याने स्वतः केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याला व्हावी. सांगितल्याची होऊ नये.

मामा : आणि हे दोन वेगळे करणार कसे? नोटीस एकच असते.

भाची : तुमचा हाच प्रश्न अमेरिकेतल्या ओहायो राज्यात माउंट हेल्दी नावाच्या गावच्या शाळामंडळाने त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला होता, आणि 1977 मध्ये त्याचा निकाल लागला. डॉइल नावाचा शिक्षक. शिक्षकांच्या पोशाखाविषयी मुख्याध्यापकाने काढलेले परिपत्रक त्याने फोन करून रेडिओ केंद्राला कळविले, आणि पुढे मंडळाने त्याला पुन्हा नेमले नाही. आता हा डॉइल तुमच्या वर्णनातलाच नमुना होता. सहकाऱ्याशी त्याची हातघाई झालेली, शाळेच्या उपाहारगृहात ताटात शेवया कमी वाढल्या म्हणून नोकरांशी भांडलेला, आणि विद्यार्थिनींकडे पाहून अश्लील खूण केल्याचाही दोष त्याच्यावर. न्यायालयाने पायऱ्या घालून दिल्या. आपण बोललो आणि मंडळाच्या निर्णयामागे ते बोलणे हे एक प्रमुख कारण होते, एवढे आधी शिक्षकाने दाखवावे. ते दाखविले की मग मंडळाने सिद्ध करावे की, तो बोलला नसता तरीही आम्ही हाच निर्णय घेतला असता. मंडळाला ते सिद्ध करता आले तर शिक्षक हरला. तुमच्या कामचुकाराला यात कुठे आसरा मिळतो, सांगा.

मामा : पुरावा कोणी द्यायचा, हा खरा प्रश्न आहे म्हणतेस.

भाची : तोच एक प्रश्न आहे. बाकीचे सगळे अलंकार आहेत.

येथे मला थोडे मध्ये बोलावे लागत आहे, कारण मुद्द्याचा गाभा या ठिकाणी आहे आणि संवादाच्या ओघात तो निसटण्याचा संभव आहे. आपल्याकडे जागल्याच्या संरक्षणाचा जेथे जेथे विचार झाला तेथे सारा भर गुप्ततेवर दिला गेला. केंद्र शासनाने एप्रिल 2004 मध्ये जो ठराव केला त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार पाठविता येते. लिफाफ्यावर तक्रारदाराने आपले नाव घालावयाचे नाही, ते आतल्या कागदावर असावे, आणि आयोगाने ते उघड करू नये. व्यवस्था चांगली आहे, पण ती केंद्राच्या आस्थापनांपुरती. एकाच जिल्ह्यात नवोदय विद्यालयातील शिक्षक या लिफाफ्याचा उपयोग करू शकतो, आणि त्या विद्यालयाच्या कुंपणाला लागून असलेल्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक करू शकत नाही. परंतु तो लिफाफा उद्या सर्वांना खुला केला तरी दोन शिक्षकी शाळेत त्याचा उपयोग काय? जेथे माहिती असणारी माणसे दोनच, आणि त्यांपैकी एक आरोपी, तेथे तक्रारदाराचे नाव कागदावर लिहिण्याचीही आवश्यकता नसते. शहरातील मोठ्या कचेरीच्या मापाने बेतलेली गुप्तता ग्रामीण शाळेच्या अंगाला बसत नाही. त्या शिक्षकाला लपविता येणार नाही. त्याला नावानिशी उघड्यावर उभे राहता येईल अशी सोय मात्र करता येईल.

मामा : पण सूड घ्यायला आता अधिकाऱ्याच्या हातात उरले आहे काय? एके काळी बदली हे मोठे हत्यार होते, कबूल. अमुक सभापतीची मर्जी गेली की शिक्षक डोंगरापलीकडे गेला. 2017 च्या शासननिर्णयापासून बदल्या संगणकावर होतात. अवघड क्षेत्र, सर्वसाधारण क्षेत्र, सेवेची वर्षे, सगळे ठरलेले. मी मनात आणले असते तरी कोणाला हलवू शकलो नसतो.

भाची : बदली करता आली नसती. ‘कामगिरी’वर पाठविता आले असते.

मामा : (हसून) ते आले असते.

भाची : तोंडी आदेश, किंवा एका ओळीचा कागद : शैक्षणिक सोय म्हणून अमुक शाळेवर पुढील आदेशापर्यंत कामगिरी. बदली नव्हे, म्हणून बदलीचा नियम लागत नाही. शिक्षा नव्हे, म्हणून अपील नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बडतर्फ झालेले थोडे. बाकीच्यांना काय झालेले असते? गोपनीय अहवालातली प्रतवारी एका पायरीने उतरली. वैद्यकीय बिल तीनदा त्रुटी काढून परत आले. वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव गहाळ झाला. आणि निलंबन झालेच, तर मुख्यालय दिले दुसऱ्या तालुक्याचे. अर्ध्या पगाराइतका निर्वाहभत्ता, त्यातून त्या गावी खोलीचे भाडे, आणि रोज पंचायत समितीच्या व्हरांड्यात जाऊन सही. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन लांबवू नये असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले आहे, म्हणून दोषारोपपत्र नव्वद दिवसांच्या आत मिळते. चौकशी मग सावकाश. शेवटी आरोप सिद्ध होत नाहीत, माणूस परत येतो, आणि स्टाफरूममधले उरलेले सगळे धडा शिकलेले असतात. अनुदानित खाजगी शाळांची गोष्टही वेगळी नाही. 1977 च्या अधिनियमाने त्यांना शाळा न्यायाधिकरण दिले, बडतर्फी किंवा पदावनती झाली तर तीस दिवसांत अपील दिले. साधे निलंबन किंवा संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत केलेली बदली घेऊन तिथे गेले तर दार बंद.

मामा : एक विचारतो. मुलाबाळांवर अत्याचार झाला तर? तिथेही शिक्षकाने गप्पच बसावे काय? तिथे तर कायदा आहे.

भाची : आहे, आणि तो कसा आहे ते पाहण्यासारखे आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याने कळविणे सक्तीचे केले. न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये चिमुरड्यांवर अत्याचार झाला तेव्हा शाळेच्या चालकांवर आणि मुख्याध्यापिकेवर न कळविल्याचा गुन्हा याच कायद्याखाली नोंदला गेला. सद्भावनेने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, हेही त्यात आहे. पण त्याच्या नोकरीविषयी त्यात अक्षर नाही. म्हणजे कळविले नाही तर तुरुंग, आणि कळविले तर कामगिरी!

या ठिकाणी मामा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले वाद संपला. पण त्यांच्या मनात निराळेच काही चालले होते, आणि त्यांनी जो आक्षेप काढला तो त्यांच्या आधीच्या भूमिकेला शोभणारा नव्हता, हे मला विशेष वाटले.

मामा : तुझा तो 2014 चा कायदा मी वाचला आहे. खोटी तक्रार करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आता तुझा तो दुसरा शिक्षक कट्टे मोजायला गेला, घाईत चुकला, साडेसातचे नऊ लिहिले. गेला का तो तुरुंगात?

भाची : नाही. खोटे आहे हे ठाऊक असून दुष्ट हेतूने सांगितले, हे दोन्ही सिद्ध व्हावे लागते. शिवाय अमेरिकेतलेच आणखी एक प्रकरण पाहा : इलिनॉय राज्यातल्या पिकरिंग नावाच्या शिक्षकाने शाळामंडळ खेळांवर किती उधळते आणि शिकवण्यावर किती खर्च करते हे गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून मांडले. त्या पत्रातले काही आकडे चुकीचे होते. मंडळाने त्याला काढले. 1968 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटे लिहिले नसेल तर चुकलेल्या आकड्यापायी नोकरी घेता येत नाही, असे ठरले. अर्थात त्याच न्यायालयाने 2006 मध्ये, नोकरीचे काम म्हणून जे लिहिले-बोलले जाते त्याला हे संरक्षण नाही, असे ठरवून हात आखडता घेतला. तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही.

मामा : आणि आपल्या त्या न लागू झालेल्या कायद्यात पुरावा कोणी द्यायचा?

भाची : तेच तर सांगत होते. तक्रारदाराचा छळ झाला अशी तक्रार आली, तर आपली कृती छळ नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने कार्यालयावर टाकली आहे. हवा तो नियम लिहून ठेवलेला आहे. तोही दप्तरी दाखल आहे.

मामांनी शेवटी आपल्या अटी सांगितल्या, आणि त्या मला वाजवी वाटतात. तक्रार नावाची असावी. ती आधी अधिकाऱ्याकडे यावी आणि आवक क्रमांकासह तिची पोच तक्रारदाराला मिळावी. वर्तमानपत्राकडे जाणे हे ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यानंतरचे पाऊल असावे. आणि संरक्षणाला कालमर्यादा असावी, नाही तर एक अर्ज करून माणूस निवृत्तीपर्यंत सुरक्षित होईल. भाचीने पहिल्या अटीवर थोडी कुरकुर केली. निनावी अर्जातही जावक क्रमांकासारखा पडताळता येण्याजोगा तपशील असेल तर हजेरीपट मागवलाच पाहिजे, असे तिचे म्हणणे. मामांनी ते मान्य केले नाही. या एका बाबतीत मी भाचीच्या बाजूचा आहे. अर्ज कोणी लिहिला हे शोधायला जेवढा वेळ लागतो त्याहून हजेरीपट उघडायला कमी लागतो.

राहिला प्रश्न संसदेची वाट पाहण्याचा. तक्रारीची पोच दिल्यापासून दोन वर्षांच्या आत त्या कर्मचाऱ्याची बदली, कामगिरी, निलंबन, वेतनवाढ रोखणे किंवा गोपनीय अहवालातील अवनती झाल्यास, तक्रार झाली नसती तरी ती कारवाई कोणत्या कागदाच्या आधारे केली असती, हे संबंधित अधिकाऱ्याने लेखी द्यावे आणि त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील असावे, एवढा एक नियम जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांपुरता करावयाचा झाल्यास दिल्लीला जाण्याचे कारण नाही. जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम 1964 साली राज्य शासनाने केले, आणि ते बदलण्याचा अखत्यार राज्य शासनाचाच आहे.